जुन्या कागदांचे नवे वाचक

कृत्रिम अमली पदार्थांचा इतिहास सहसा पोलीस, तस्कर आणि कायदा या तीन पात्रांच्या आधारे सांगितला जातो. त्यात आणखी एक पात्र असते आणि साहित्याच्या अभ्यासकांना ते अधिक जवळचे वाटावे. ते पात्र म्हणजे वाचक. ज्यांना आज 'नवे मनोसक्रिय पदार्थ' म्हटले जाते, त्यांतले कितीतरी पदार्थ रसायनशास्त्राच्या दृष्टीने मुळीच नवे नाहीत. मेफेड्रोनचे वर्णन १९२९ साली एका फ्रेंच शोधपत्रिकेत आले होते. अलीकडे युरोपची झोप उडवणाऱ्या निटाझीन वर्गाच्या औषधांवरचे निबंध १९५७च्या सुमारास बाझेलच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. हे कागद ग्रंथालयांत निमूट पडून होते. कोणीतरी ते पुन्हा उघडले, आणि उघडणारा प्रत्येक वेळी संशोधकच होता असे नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या पूर्वसूचना व्यवस्था गेल्या तीसेक वर्षांत का उभ्या राहिल्या, हे मला वाचनाच्या या स्पर्धेतूनच नीट उलगडते.

या कथेचा आरंभ कॅलिफोर्नियात धरावा लागेल. जुलै १९८२मध्ये सॅन होजे येथील एका रुग्णालयात बेचाळीस वर्षांचा एक माणूस आणला गेला. तो शुद्धीवर होता, पण त्याला हलता येत नव्हते, बोलता येत नव्हते. लक्षणे उतारवयातल्या पक्षाघाती कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची. आणि ती जणू एका रात्रीत उतरलेली. मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तशाच अवस्थेतले आणखी तरुण रुग्ण आढळत गेले. सर्वांनी 'नवे हेरॉइन' म्हणून विकली जाणारी पूड टोचून घेतली होती. ही पूड अफूपासून बनलेली नव्हती. पेथिडिन या वेदनाशामकाशी नाते सांगणारे एक कृत्रिम द्रव्य कोणीतरी घरगुती प्रयोगशाळेत बनवू पाहत होता. त्याची कृती चुकली आणि एमपीटीपी नावाचे विष तयार झाले. मेंदूतील डोपामाइन निर्माण करणाऱ्या पेशी ते नेमक्या हेरून मारते.

लँगस्टन यांनी वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणीतून लोकांना सावध केले. त्या काळी पूर्वसूचना व्यवस्था म्हणून काही असेल, तर ती एवढीच: एक अस्वस्थ डॉक्टर आणि ऐकायला तयार असलेले चार वार्ताहर. परंतु माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचा आहे. पूड नेमकी कशाची, हा शोध चालू असताना एका विषतज्ज्ञाला पूर्वी वाचलेला एक निबंध आठवला. १९७६मध्ये मेरीलँडमधील रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने स्वतःसाठी तेच द्रव्य बनवताना घाई केली होती आणि त्यालाही असेच जखडलेपण आले होते. ही हकिगत १९७९ साली एका मानसोपचारविषयक शोधपत्रिकेत छापून आली होती. म्हणजे इशारा तीन वर्षांपूर्वीच लिहिला गेला होता, छापला गेला होता; त्याला वाचक मिळाला नव्हता, इतकेच. लँगस्टन आणि सहकाऱ्यांचा निबंध १९८३मध्ये 'सायन्स'मध्ये आला आणि कंपवाताच्या संशोधनाला त्याने नवी दिशा दिली. ज्यांच्या शरीरांवर हे ज्ञान उमटले, त्यांना त्याचा उपयोग फार थोडा झाला.

कायद्याची अडचण वेगळी होती. अमली पदार्थांचा कायदा हा बहुतेक देशांत एक कोश असतो: ज्याची नोंद आहे ते निषिद्ध, ज्याची नाही ते मोकळे. आपला १९८५चा एनडीपीएस कायदाही मनोसक्रिय पदार्थांच्या बाबतीत अनुसूचीवर चालतो. कोशकार आणि बोली यांच्यातले नाते मराठीच्या अभ्यासकांना सांगायला नको. बोली पुढे जाते आणि कोश मागून धापा टाकत येतो. रेणूत एखाद्या अणुगटाची अदलाबदल केली की नवा शब्द तयार, आणि कोशात तो नाही. ब्रिटनने १९७७मध्ये काही रेणूंचे संपूर्ण कुळच कायद्याखाली आणले, अमेरिकेने १९८६मध्ये 'सदृश पदार्थां'साठी वेगळा कायदा केला. दोन्ही उपाय आवश्यक होते. पण बाजारात आज नेमके काय आले आहे, हे त्यांपैकी कोणताच सांगू शकत नव्हता.

ते सांगण्याची तजवीज युरोपीय संघाने १६ जून १९९७च्या संयुक्त निर्णयाने केली. रचना साधी होती. प्रत्येक सदस्यदेशात एक राष्ट्रीय केंद्र; त्याच्याकडे न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सीमाशुल्क खाते, रुग्णालये आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांच्याकडून बातमी यावी; अपरिचित पदार्थ दिसला की त्याची रासायनिक ओळख लिस्बनच्या संस्थेला कळवावी आणि तिथून ती बाकीच्या देशांना जावी. (ही संस्था २ जुलै २०२४पासून युरोपीय संघ औषध संस्था या नव्या नावाने आणि वाढीव अधिकारांनी काम करते.) हेलसिंकीच्या एका तंत्रज्ञाने आलेखावर पाहिलेले अनोळखी शिखर अथेन्सच्या तंत्रज्ञाला ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू. राज्यसंस्थेने स्वतःसाठी नेमलेला हा पगारी वाचकवर्ग होय, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होऊ नये.

या व्यवस्थेच्या पहिल्या काही प्रकरणांत ४-एमटीए हा पदार्थ होता. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे डेव्हिड निकोल्स यांनी मेंदूच्या अभ्यासासाठी तो उंदरांवर वापरला होता आणि त्यावरचे निष्कर्ष १९९०च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध केले होते. काही वर्षांत त्याच्या गोळ्या युरोपात विकल्या जाऊ लागल्या आणि माणसे दगावली. जानेवारी २०११मध्ये निकोल्स यांनी 'नेचर'मध्ये याविषयी लिहिले. आपले निबंध कोण वाचत आहे, याची जाणीव झालेल्या लेखकाची ती अस्वस्थ कबुली आहे. लेखकाचा मृत्यू घोषित करणाऱ्या समीक्षेच्या विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी. तिथे लेखक जिवंत आहे आणि त्याला झोप नाही.

मेफेड्रोनच्या प्रकरणात ही व्यवस्था आपले काम करताना दिसते आणि तिच्या मर्यादाही दिसतात. २००८मध्ये हा पदार्थ युरोपच्या नोंदीत आला. तोवर तो 'झाडांचे खत' आणि 'मानवी सेवनासाठी नाही' अशा पाकिटांतून, संकेतस्थळांवर, राजरोस विकला जात होता. मार्च २०१०मध्ये इंग्लंडमधील स्कनथॉर्प येथे दोन तरुण दगावले. वृत्तपत्रांनी मेफेड्रोनला आरोपी ठरवले, गदारोळ उठला आणि १६ एप्रिलला बंदी आली. मे महिन्यात विषचिकित्सेचे निष्कर्ष बाहेर आले, तेव्हा त्या दोघांच्या शरीरांत मेफेड्रोन आढळले नसल्याचे स्पष्ट झाले. बंदी चुकीची होती असे यावरून ठरत नाही. पण नोंदवहीतला इशारा दोन वर्षे शांतपणे पडून राहावा आणि राज्यसंस्थेला जाग यावी ती चुकीच्या मथळ्याने, हे विचार करण्याजोगे आहे. डिसेंबर २०१०मध्ये संपूर्ण युरोपीय संघासाठी नियंत्रणाचा निर्णय झाला.

आता मुंबईकडे वळावे लागते, कारण हाच पदार्थ 'एमडी' आणि 'म्याऊ म्याऊ' या नावांनी आपल्या गल्ल्यांत पोचला. ब्रिटनच्या बंदीचा मजकूर, युरोपचा जोखीम-अहवाल, हे सारे प्रसिद्ध आणि फुकट उपलब्ध होते. भारतात मेफेड्रोनचे नाव अनुसूचीत आले ते ५ फेब्रुवारी २०१५च्या अधिसूचनेने. मधल्या जवळजवळ पाच वर्षांत एनडीपीएस कायद्याच्या लेखी हा पदार्थ मनोसक्रिय नव्हताच. पुडी हातात धरलेल्या हवालदारालाही त्या कायद्याचा आधार नव्हता. इथे माहितीची उणीव होती असे कोणी म्हणू नये. दुसऱ्याच्या घरी लिहिलेला इशारा आपल्यालाही उद्देशून असू शकतो, हे मानणारी यंत्रणा नव्हती. त्या पाच वर्षांत बसलेला बाजार पुढे किती वाढला, याची कल्पना फेब्रुवारी २०२४च्या कारवाईवरून येते: दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत पोचलेल्या साखळीतून पुणे पोलिसांनी सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रोन जप्त केले. आयात म्हणून आलेला शब्द इथे स्थानिक उत्पादन होऊन बसला.

इशारा कोणाला उद्देशून लिहायचा, याचे सर्वांत बोलके उदाहरण नेदरलंड्सचे आहे. तिथे १९९२पासून सेवन करणारे लोक आपल्या गोळ्या तपासणीसाठी आणून देऊ शकतात. विचारपूस होते, अटक होत नाही. डिसेंबर २०१४मध्ये 'सुपरमॅन'चे चिन्ह असलेल्या गुलाबी गोळ्यांत पीएमएमए हे घातक द्रव्य सापडले. त्याचा परिणाम उशिरा जाणवतो, म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो आणि शरीराचे तापमान चढत जाते. डच यंत्रणेने थेट राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरून त्या गोळीचे वर्णन सांगितले: रंग, आकार, चिन्ह. ब्रिटनमध्ये तशाच गोळ्यांनी नववर्षाच्या सुमारास चार जण दगावले. सर्वसामान्यांपर्यंत इशारा पोचला तो त्यानंतर. अधिकाऱ्याने अधिकाऱ्याला पाठवलेल्या टिपणाची आणि गोळी तोंडाशी नेणाऱ्या माणसाला केलेल्या संबोधनाची भाषा वेगळी असते. पहिल्या टिपणात रेणूचे नाव पुरते. दुसऱ्याला गुलाबी रंग सांगावा लागतो. आपल्याकडे असे संबोधन करायचे तर आधी गोळी घेऊन येणाऱ्याला दारात उभे राहू द्यावे लागेल, आणि तिथेच बहुतेक चर्चा थांबतात.

२०१८च्या अखेरीस युरोपने आपले नियम बदलून अहवालांची मुदत कमी केली. २०१४मध्ये एका वर्षात १०१ नवे पदार्थ नोंदले गेले होते; पुढे हा वेग ओसरला, पण एकूण नोंदी आता हजारावर गेल्या आहेत. १ मे २०१९पासून चीनने फेंटानिलचे संपूर्ण कूळ नियंत्रणाखाली आणले आणि त्याच वर्षी युरोपात आयसोटोनिटाझीन दिसले. २०२३मध्ये एस्टोनियातील अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांत निटाझीन वर्गातील द्रव्ये आढळली. सिबाच्या संशोधकांनी ही औषधे कधी बाजारात आणलीच नव्हती. त्यांच्या निबंधांना साठ वर्षांनी जे वाचक मिळाले, त्यांच्याही कपाटात अजून न उघडलेले बरेच अंक शिल्लक असणार.