आकार कोणाच्या खिशात? स्टिकर कापणाऱ्या यंत्रांची गोष्ट

(भागाचं लिखित रूप. मधले खोकले आणि चहाचे घोट काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका श्रोत्या ताईंच्या व्हॉइस मेसेजवरून सुचला. त्या घरून स्टिकर विकतात. जूनमध्ये वह्या-डब्यांवरची मुलांच्या नावांची लेबलं, लग्नसराईत रिटर्न गिफ्टचे टॅग, संक्रांतीला वाणावर चिकटवायची गोल लेबलं. छपाई घरच्या प्रिंटरवर आणि कापणं कात्रीने, रात्री एक-एक वाजेपर्यंत. आता साठवलेल्या पैशांतून कटिंग मशीन घ्यायचंय. मेसेजच्या शेवटी त्या म्हणाल्या, "दादा, एकदाच घेता येणारे. चुकलं तर परत पैसे कुठून आणू? कुठलं घेऊ ते सांगा."

मी मॉडेल नंबर सांगणारा माणूस नाही, आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे. पण ताईंसाठी या यंत्रांची कुळकथा वाचायला बसलो तेव्हा एक प्रश्न सारखा समोर यायला लागला. दुकानदार तो कधीच विचारत नाही. कापायचा आकार राहतो कुठे? लोखंडात, कंपनीकडे, की तुमच्या स्वतःच्या फाईलमध्ये? दीडशे वर्षांत यंत्रं कितीतरी बदलली, पण खरी ओढाताण या एकाच गोष्टीची दिसते.

सरळ रेषेत कापणं तसं लवकर सुटलं. पॅरिसच्या गियोम मासिको याने 1844 मध्ये कागदाचे गठ्ठे कापणाऱ्या गिलोटिनचं पेटंट घेतलं. आजही प्रेसमध्ये वह्या आणि पत्रिका कापणारं मोठं मशीन त्याच वंशातलं. पण त्याला फक्त सरळ कापता येतं. गोल, फूल, ढगाचा आकार म्हटलं की गाडी अडते.

ती गाडी पुढे गेली एका चुकीमुळे. 1879, न्यूयॉर्क. मूळचा स्कॉटलंडचा रॉबर्ट गेअर तिथे कागदी पिशव्यांचा कारखाना चालवत होता. बियाण्यांच्या पिशव्यांचं काम चालू असताना घडीची खूण पाडणारी धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि खूण पडण्याऐवजी पिशव्या चक्क कापल्या गेल्या. माल वाया. दुसरा कोणी असता तर कामगारावर ओरडून मोकळा झाला असता. गेअरच्या डोक्यात आलं की काही पट्ट्या धारदार आणि काही बोथट ठेवल्या, तर एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं दोन्ही होईल. घडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा तिथून वाढला. मिठाईचं सपाट येणारं आणि दुकानदार फटकन उघडून उभं करतो ते खोकं आठवा.

याच तंत्राला आपल्याकडचे प्रेसवाले 'पंचिंग' म्हणतात आणि त्या साच्याला 'डाय'. प्लायवुडमध्ये आकाराप्रमाणे खाच पाडायची, त्यात स्टीलची धारदार पट्टी वाकवून बसवायची, बाजूला रबराचे तुकडे लावायचे म्हणजे कापलेला कागद पट्टीत अडकत नाही. गिरगावात खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची दुकानं आहेत. तिथल्या गणपतीच्या आकारात कापलेल्या पत्रिकेमागे अशीच एखादी डाय असते. पंचिंगसाठी कितीतरी ठिकाणी अजून जुनं हायडेलबर्ग चालतं. हे यंत्र मुळात छपाईचं. 1914 मध्ये जर्मनीत लाइपझिगच्या प्रदर्शनात ते लोकांसमोर आलं आणि 1985 पर्यंत बनत होतं. पवनचक्कीसारखे फिरणारे त्याचे दोन हात एकेक कागद उचलून देतात. छपाईची कामं ऑफसेटकडे गेली आणि म्हातारपणी हा गडी पंचिंगला लागला. अजून ठणठणीत आहे.

डायचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. समजा एक डाय हजार रुपयांची पडली. शंभर शीट काढल्या तर शीटमागे दहा रुपये नुसते डायचे. पाच हजार काढल्या तर वीस पैसे. म्हणजे एकच आकार हजारोंनी हवा असेल तर डायसारखं स्वस्त काही नाही. पण ताईंसारखं आज तीस 'अर्णव', उद्या चाळीस 'सई', प्रत्येकाची चौकट वेगळी, असं काम असेल तर डाय परवडणारच नाही. आकार लोखंडात गोठलेला असतो. बदलायचा तर नवं लोखंड.

आता स्टिकरकडे येऊ. 1935, लॉस एंजेलिस. स्टॅन एव्हरी नावाच्या तरुणाने होणाऱ्या बायकोकडून, डोरोथीकडून, शंभर डॉलर उसने घेतले. वॉशिंग मशीनची मोटर, शिलाई मशीनचे भाग आणि एक करवत जोडून त्याने यंत्र उभं केलं. तोवर लेबल म्हणजे पाणी लावून किंवा खळ लावून चिकटवायचा कागद. एव्हरीची लेबलं मागच्या कागदावरून सोलून थेट लावायची होती आणि वस्तूला डाग न पाडता निघायची होती. भेटवस्तूंच्या दुकानांना किमतीच्या चिठ्ठ्यांसाठी हेच हवं होतं. त्याच कंपनीची आजची वारस एव्हरी डेनिसन. तिचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ रांजणगावला आहे. पुढच्या वेळी नगर रस्त्याने जाल तेव्हा डोरोथीचे शंभर डॉलर आठवा.

एव्हरीच्या लेबलांनी कापण्यात एक नवीन कौशल्य आणलं. वरचा कागद पूर्ण कापायचा, खालचा मात्र कापायचा नाही. बाजारात याला 'हाफ कट' किंवा 'किस कट' म्हणतात. चूक व्हायला वाव असतो तो केसाच्या जाडीइतका. पाते जरा जास्त गेलं तर लेबल सुटून पडतं, कमी गेलं तर सोलताना फाटतं. जाहिरातीत मशीनची ताकद मोठ्या आकड्यात लिहितात, पण स्टिकरला ताकद फारशी लागत नाही. लागतो तो सगळीकडे सारखा दाब.

आणि मग आकार लोखंडातून सुटला. हे करणारा माणूस जोसेफ गर्बर. जन्म व्हिएन्ना, 1924. नाझींच्या तावडीतून तो आईबरोबर 1940 मध्ये अमेरिकेत पोहोचला, वडील ज्यूंच्या संहारात गेले. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असताना आलेखांवरची किचकट मोजणी टाळायला त्याने पायजम्याचं इलॅस्टिक काढून ताणता येणारी मोजपट्टी बनवली. त्या पट्टीवर कंपनी उभी राहिली. पुढे तिने कपड्यांचे थर संगणकाच्या आज्ञेने कापणारं यंत्र आणलं आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पाट्यांसाठी 'साइनमेकर'. कीबोर्डवर अक्षरं टाइप करा, सुरी चिकट विनाइलमधून तीच अक्षरं कापून देते. डाय नाही, साचा नाही.

पण मेख होतीच. अक्षरांचे फॉन्ट वेगळ्या काडतुसात विकत मिळायचे. नवी अक्षरशैली हवी तर नवं काडतूस. आकार लोखंडातून सुटला आणि थेट कंपनीच्या डबीत जाऊन बसला.

ही कोंडी फुटली ती दुसऱ्याच दिशेने. इंजिनिअर लोक नकाशे काढायला पेन प्लॉटर वापरत. म्हणजे पेन धरून कागदावर रेषा ओढणारं यंत्र. ह्यूलेट-पॅकार्डने आपल्या प्लॉटरसाठी एक साधी आज्ञावली ठेवली होती, एचपी-जीएल. पेन उचल, पेन टेक, इथून तिथे जा, असला मामला. बाकीच्या कंपन्यांनीही आपल्या यंत्रांना हीच भाषा शिकवली. मग पेनाच्या जागी पातं बसवलं की झाला कटर! 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या रोलँडने 'कॅम-वन' आणलं, ग्राफटेकही याच मैदानात. आकार आता एक साधी फाईल होता. ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बनवा, कुठल्याही मशीनवर कापा.

आपल्याकडे ही क्रांती चौकातल्या रेडियमवाल्याच्या टपरीत पोहोचली. (त्या स्टिकरमध्ये रेडियम औषधालाही नसतं. काचेच्या सूक्ष्म मण्यांनी प्रकाश परत फिरतो, नाव मात्र जुन्या चमकणाऱ्या रंगावरून चिकटलं.) आधी हा माणूस रिक्षावरचं 'आईचा आशीर्वाद' ब्लेडने हाताने कापायचा. मग प्लॉटर आला आणि तो कोरलमध्ये अक्षरं मांडून कापायला लागला. ब्रशने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं काम याच काळात आटत गेलं, हेही सांगायलाच हवं. त्यांच्या हातातला आकार ना लोखंडात होता ना फाईलमध्ये, तो मनगटात होता.

यानंतर सगळं सरळ व्हायला हवं होतं, नाही का? पण 2005-06 च्या सुमारास अमेरिकेत यूटाच्या प्रोव्हो क्राफ्ट कंपनीने घरगुती कटर आणला, क्रिकट. दिसायला गोड, वापरायला सोपा, संगणकाचीही गरज नाही. आणि आकार? पुन्हा काडतुसात! फुलांचं वेगळं, ए-बी-सी-डीचं वेगळं. स्वतःचं चित्र कापू देणारी बाहेरची सॉफ्टवेअरं आली, तर कंपनीने 2010-11 मध्ये त्यांच्यावर खटले भरले आणि त्या सॉफ्टवेअरांनी क्रिकटचा नाद सोडला. पुढे काडतुसं मागे पडली आणि कंपनीचं ऑनलाइन ॲप आलं, त्यात स्वतःचं चित्र टाकता येऊ लागलं. मग मार्च 2021 मध्ये घोषणा झाली की महिन्याला वीसच चित्रं फुकट टाकता येतील, त्यापुढे वर्गणी. लोक भडकले, सह्यांची मोहीम निघाली आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. मशीन ग्राहकाच्या टेबलावर, पैसे पूर्ण भरलेले, आणि तरी त्याने काय कापायचं ते दूर कुठेतरी एका बैठकीत ठरत होतं.

कंपनीच्या बाजूने एवढं म्हणेन की शिकायला ते यंत्र सोपं आहे. हौसेला कोणी घेतलं तर मी नाक मुरडणार नाही. धंद्याची गोष्ट वेगळी. जूनमधल्या सोमवारी दोनशे लेबलांची ऑर्डर असताना ॲप रुसलं तर गिऱ्हाईक ताईंना फोन करणार, यूटाला नाही.

याच्या शेजारी सिल्हूट. हिचं नातं ग्राफटेकशी. सॉफ्टवेअर तुमच्याच संगणकावर बसतं, नेट नसलं तरी कापतं. पण फुकटच्या आवृत्तीत एसव्हीजी फाईल उघडत नाही, डीएक्सएफ उघडते. कुलूप इथेही आहे, फक्त लहान. आणि तिसरीकडे रेडियमवाल्याचा साधा चिनी प्लॉटर. दिसायला ओबडधोबड, आवाज करणारा, पण बहुतेकदा तीच जुनी खुली भाषा समजणारा. त्यात एकच गोष्ट नीट बघा. छापील स्टिकर कापायचे तर कोपऱ्यातल्या काळ्या खुणा वाचणारा सेन्सर लागतो. तो नसेल तर सुरीला छपाई कुठे आहे हे कळतच नाही, मग ते मशीन नुसत्या विनाइलच्या अक्षरांपुरतं. चकचकीत लॅमिनेशन केलं तर चांगला सेन्सरही चकतो. मग खुणांवर मॅट टेप लावायची, हा जुगाड जगभर चालतो.

आता मराठीचा प्रश्न, जो अमेरिकन व्हिडिओत कोणीच सांगत नाही. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेषेला लटकलेली. संगणकाच्या दृष्टीने मात्र 'सई' मधला 'स' आणि 'ई' हे दोन वेगळे आकार असतात, रेघेवर एकमेकांवर थोडे चढलेले. तशीच फाईल कापायला दिली तर सुरी प्रत्येक जोडापाशी रेघ कापते आणि नाव सोलताना तुकड्यांत हाती येतं. म्हणून कापण्याआधी सगळी अक्षरं एकत्र सांधावी लागतात. याला सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड किंवा युनियन म्हणतात. इंकस्केपमध्ये हे फुकट होतं, ते 2003 पासून मोफत मिळतंय. काडतुसातल्या ए-बी-सी-डीत 'ज्ञानेश्वरी' कधीच नव्हती. स्वतःची फाईल कापता येणं ही मराठीत धंदा करणाऱ्यासाठी चैन नाही, त्याशिवाय दुकान उघडतच नाही.

जाता जाता लेसरबद्दल. "ताई, लेसर घ्या, सगळं कापतं," असं सांगणारे भेटतील. पीव्हीसीचं विनाइल लेसरने कधीही कापू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतं, फुप्फुसं जाळणारा वायू. घरात मुलं आहेत.

ताईंना मी परत मेसेज केला तो असा. एकसारखा गोल किंवा टॅग हजारोंनी लागेल तेव्हा पंचिंगवाल्याकडून करून घ्या, त्यासाठी मशीन घेऊ नका. नावांच्या लेबलांसाठी सेन्सरवाला सुरीचा कटर घ्या. दुकानात रिकाम्या हाताने जाऊ नका. तुम्ही वापरता तोच स्टिकर पेपर घेऊन जा, तुमच्याच प्रिंटरवर छापलेला, खुणांसकट, आणि पेन ड्राइव्हवर त्याचीच फाईल. शीटवर चाळीस नावं, त्यात एक 'ज्ञानेश्वरी' आणि एक 'कृष्णा' हवंच. दुकानदाराला सांगा, मोबाईलचं हॉटस्पॉट बंद करा, वायफाय बंद करा, आणि आता हे कापून दाखवा. मग पहिलं लेबल सोलून बघा आणि चाळिसावं सोलून बघा.

त्यांचं उत्तर आलं, "दुकानदार चिडेल ना?"

चिडू दे. पुढच्या भागात भेटू.