ख्रिस्ती श्रद्धा आणि समकाल : मराठी परंपरा

ख्रिस्ती श्रद्धेने चालू घडामोडींशी आणि भोवतालच्या संस्कृतीशी मराठीतून केलेला संवाद. त्यात नियतकालिके, निबंध, कीर्तने, आत्मचरित्रे, बायबलची भाषांतरे आणि काही प्रत्यक्ष चळवळी येतात. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ तेथून मानतात. मात्र त्या ग्रंथाचा संवाद भाषेशी आणि काव्यपरंपरेशी होता. दुष्काळ, जातिभेद, विधवांचे हाल, शाळा, पाणी, जमीन अशा दैनंदिन प्रश्नांवर ख्रिस्ती लेखणी मराठीत नियमितपणे चालू लागली ती एकोणिसाव्या शतकात, छापील पत्रांबरोबर.

या नोंदीत मराठवाड्याची बाजू आवर्जून घेतली आहे. या विषयाच्या इतिहासात मुंबई, अहमदनगर आणि वसई यांचीच नावे पुढे येतात, आणि निजामी मुलखातली गावे मागे राहतात. लातूर जिल्ह्यातील अहमदपूरचे उदाहरण घ्यावे. हा तालुका हैदराबाद संस्थानात बिदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आला आणि १९८२ मध्ये लातूर वेगळा झाल्यावर त्या जिल्ह्यात गेला. बिदरला अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे ठाणे होते, तर मराठवाड्याच्या वायव्य भागात जालना आणि औरंगाबाद ही मिशनची केंद्रे. अहमदपूरच्या धार्मिक जीवनावर मोठा ठसा आहे तो वीरशैव मठपरंपरेचा आणि वारकऱ्यांचा. या भागात ख्रिस्ती वस्ती विरळ आहे. मराठी ख्रिस्ती विचाराला शेजाऱ्याशी बोलणे का भाग पडले, हे अशा मुलखात नीट कळते. जेथे आपलेच लोक थोडे, तेथे केवळ आपल्यासाठी लिहून भागत नाही.

‘ज्ञानोदय’ हे पत्र अमेरिकन मराठी मिशनने जून १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केले. हेन्री बॅलंटाइन त्याचे पहिले संपादक. हेतू उघड धर्मप्रसाराचा होता आणि हिंदू रूढींवरची त्यातली टीका अनेकदा बोचरी, क्वचित अन्यायकारकही होती. पण पत्रात भूगोल, खगोल, वैद्यक, देशोदेशीच्या बातम्या, सरकारी कायदे आणि वाचकांची पत्रेही येत. खंडनाला उत्तर मिळे, उत्तराला प्रत्युत्तर. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेले जाहीर वाद याच वातावरणातले. वाद कडू होते, पण ते मराठीत आणि चारचौघांत झाले. धर्माची तर्काने चिकित्सा करण्याची सवय त्यातून दोन्ही बाजूंना लागली.

‘ज्ञानोदय’ची सर्वांत मोठी कामगिरी त्याच्या धर्मप्रसारात शोधू नये. १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत पुण्यातील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता या चौदा वर्षांच्या मातंग विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांच्या दुःखाचा. वेद ज्यांचे त्यांनाच वाचता येतात, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा रोखठोक सवाल होता. प्रसूत होणाऱ्या अस्पृश्य बाईच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने एका मुलीच्या नजरेने लिहिले. मुक्ता ख्रिस्ती नव्हती आणि हा निबंध ख्रिस्ती सिद्धांताचा नव्हता. तरीही मिशनच्या पत्राने त्याला जागा दिली, आणि दलित स्त्रीचा मराठीतला पहिला छापील स्वर त्यामुळे टिकून राहिला. पुढे १८८५ मध्ये मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारणारे जोतीरावांचे पत्रही ‘ज्ञानोदय’मध्येच प्रसिद्ध झाले. शेतकरी आणि अस्पृश्य यांचे दुःख ज्या पुस्तकांत नाही, त्यांच्या लेखकांत आपण का मिसळावे, हा त्या पत्राचा मुद्दा. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची परंपरा ज्या ग्रंथकार सभेपर्यंत मागे नेतात, तिच्यावरचा हा पहिला मूलगामी आक्षेप आहे.

बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरीही याच प्रवाहातली. हिंदू विधवांची स्थिती हा तिचा विषय. कथेपेक्षा उपदेश जड झाला आहे, पण घराघरांतले केशवपन आणि उपासमार मराठी गद्यात आणण्याचे श्रेय तिला द्यावे लागते.

मराठवाड्यात हा संवाद कागदापेक्षा जमिनीवर झाला. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहर ढवळून निघाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा हिंदू समाजात घ्यावे की नाही, यावर बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांशी झुंजावे लागले. हेच नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात स्कॉटिश फ्री चर्चच्या वतीने जालन्यात स्थिरावले. त्यांच्याकडे आले ते प्रामुख्याने मातंग. निजामाच्या सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाला स्वतःचे घर, विहीर, शेत आणि शाळा मिळणे ही त्या काळी धर्मांतराइतकीच खळबळजनक गोष्ट होती. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या प्रॉटेस्टंट परिषदेत शेषाद्री पागोटे घालून बोलायला उभे राहिले. पोशाख आणि भाषा न सोडता ख्रिस्ती राहता येते, हे ते स्वतःच्या देहाने दाखवत होते.

पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) काम सर्वपरिचित आहे. येथे नोंदवायचे ते एवढेच की त्यांची श्रद्धा दुष्काळाने आणि स्त्रियांच्या हालांनी घडली. तरुणपणी आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळात गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या व केडगावला मुक्ती सदन वाढवले. शेती, विणकाम, छापखाना हे सारे तेथे बायकांनी चालवले. अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. जुळणी करणारे हातही त्या सदनातल्या बायकांचेच होते.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्यापाशी प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहिला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अहमदनगरला त्यांनी पाहिले की मंडळी गातात ती इंग्रजी चालींवर बेतलेली गीते. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन चर्चमध्ये आणले. त्यांची शेकडो पदे ‘उपासना-संगीत’ या संग्रहातून मराठी प्रॉटेस्टंट उपासनेत आजही गायिली जातात. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. अखेरच्या वर्षांत ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. त्यातून त्यांनी परदेशी मिशनऱ्यांच्या वर्चस्वावर लिहिले, देशप्रेम आणि ख्रिस्तप्रेम यांत वैर नाही हे ठासून मांडले. १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात येऊ शकत होते. टिळक लवकर गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मराठी ख्रिस्ती विचारातला तो सर्वांत धाडसी प्रयोग होता, असे या लेखकाचे मत आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) हे याच घराचे दुसरे देणे. सोवळ्याओवळ्यातून माणुसकीपर्यंतचा प्रवास एका बाईने घरगुती मराठीत सांगितला, आणि तो असंख्य मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

एवढे असूनही या परंपरेत मोठी उणीव राहिली. तिच्यावर बोट ठेवले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. येवल्याच्या १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेनंतर अनेक धर्मांचे प्रतिनिधी त्यांच्याकडे आशेने पाहत होते. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला. त्याच भाषणात, ख्रिस्ती समाज शिक्षणात पुढे असूनही राजकारणापासून अलिप्त राहिला आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध समाज म्हणून लढला नाही, अशी तक्रारही मांडली. दक्षिणेतील चर्चमध्ये जातिभेद कसा टिकून आहे, याचाही उल्लेख त्यांनी केला. या आक्षेपाला समाधानकारक उत्तर तेव्हाच्या मराठी चर्चने दिले नाही. शाळा आणि दवाखाने काढणे एक, आणि अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरणे दुसरे.

कॅथलिक बाजूला मराठी नियतकालिकांचा आरंभ ‘निरोप्या’ने (१९०३) झाला. फादर हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटांनी ते अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथून काढले. खरा पालट मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) आला. प्रार्थना लोकभाषेत करण्यास मोकळीक मिळाली, इतर धर्मांतील सत्याचा आदर करण्याची भूमिका घेतली गेली, आणि गरिबांच्या सुखदुःखापासून चर्चने अलग राहू नये असे परिषदेने सांगितले. धर्मपंडित थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. तो १९८७ मध्ये ग्रंथरूपाने आला. पुढे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे ते पहिले बिशप झाले.

वसईत १९५५ पासून ‘सुवार्ता’ हे मासिक निघत होते. १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादक होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो (४ डिसेंबर १९४२ - २५ जुलै २०२४). वसई तालुक्यातील नंदाखाल हे त्यांचे गाव. त्यांच्या हाती ‘सुवार्ता’ चर्चच्या बातमीपत्राच्या चौकटीतून बाहेर आली. त्यात संतसाहित्य, पर्यावरण, निवडणुका, जातीय दंगे यांवर लेख येऊ लागले आणि ख्रिस्ती नसलेले लेखकही लिहू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसई-विरारचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला. इमारतींना पाणी नव्हते, म्हणून वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. उपसा वाढला तशी समुद्रकाठच्या विहिरींत खारे पाणी शिरण्याची भीती निर्माण झाली. केळी आणि पानवेलीच्या बागांवर जगणाऱ्या गावांचा तो जीवनमरणाचा प्रश्न होता. दिब्रिटो आणि सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभारली, मोर्चे काढले. बांधकाम, राजकारण आणि गुंडगिरी यांची सांगड वसईत तेव्हा इतकी घट्ट होती की जाहीर सभेत बोलायलाही धैर्य लागत असे. झगा घातलेला धर्मगुरू रस्त्यावर आला याचे चर्चमधील काहींना अवघड वाटले. सोलापूरच्या आक्षेपाला मराठी ख्रिस्ती समाजाने दिलेले सर्वांत ठळक उत्तर हेच म्हणावे लागेल, जरी ते पन्नास वर्षे उशिराने आले. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणावरील परिपत्रक २०१५ चे. त्याच्या आधी सुमारे पाव शतक वसईच्या बागायतदारांनी पाण्याचा प्रश्न श्रद्धेचा प्रश्न म्हणून मांडला होता.

दिब्रिटोंचे ‘सुबोध बायबल’ साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्काराने गौरवले गेले. ‘नाही मी एकला’ हे त्यांचे आत्मचरित्र. त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि ते संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० रोजी उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरले. या पदावर ख्रिस्ती धर्मगुरू प्रथमच येत होता. काहींनी निवडीला कडवा विरोध केला. संमेलननगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे, उद्घाटक होते ना. धों. महानोर. प्रकृती साथ देत नसताना दिब्रिटो आले आणि मराठी शाळा, पर्यावरण, वाढती असहिष्णुता यांवर बोलले. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके कधीकाळी याच जिल्ह्यातले. ग्रंथकार सभेत आपले दुःख नाही, असे जोतीरावांनी ज्या पत्रात म्हटले ते छापणाऱ्या परंपरेतला माणूस मराठवाड्यात मराठी साहित्याच्या व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून बसला, याचे मोल बातम्यांतल्या वादात हरवून गेले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या मदतकार्यात कासा, कॅरिटास इंडिया यांसारख्या ख्रिस्ती संस्था उतरल्या होत्या. त्या कामाची मराठी ख्रिस्ती लेखनात हवी तेवढी नोंद झालेली नाही.

आज मराठवाड्यात या संवादाचा सर्वांत कठीण विषय दलित ख्रिस्ती समाजाचा आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीची मान्यता हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तीत आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला. गावात जात पाळली जातेच; ती माणूस कोणत्या देवळात जातो हे विचारत नाही. बाप्तिस्मा नोंदवला तर शिष्यवृत्ती, नोकरी आणि ग्रामपंचायतीची राखीव जागा जाते. परिणामी शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू मांग’ असलेली आणि रविवारी प्रार्थनेला बसणारी कुटुंबे या भागात आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे एक टक्क्याहून थोडे कमी भरतात. ही कुटुंबे त्या आकड्यात नाहीत.