लिओनार्दोच्या वह्यांतील यंत्रविज्ञान

‘मोनालिसा’ आणि ‘द लास्ट सपर’ या चित्रांमुळे लिओनार्दो दा विंची (१४५२-१५१९) हे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र, निर्विवादपणे त्याची मानली जाणारी चित्रे वीसच्या आसपासच आहेत. याउलट, त्याच्या वह्यांची आज उपलब्ध असलेली पृष्ठे सात हजारांच्या घरात जातात. बल, गती, भार आणि यंत्रे यांचा त्याने किती खोलवर विचार केला होता, याची साक्ष या वह्या देतात.

लिओनार्दो डावखुरा होता आणि उजवीकडून डावीकडे, आरशात धरल्यावरच सहज वाचता येतील अशा उलट्या अक्षरांत लिहीत असे. विद्यापीठीय शिक्षण न लाभल्याने त्याची टिपणे विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर इटालियनमध्ये आहेत. ग्रंथप्रामाण्यापेक्षा त्याने अनुभवाला अधिक महत्त्व दिले.

घर्षणाचे नियम

लाकडी ठोकळा, दोरी, कप्पी आणि वजन एवढ्या सामग्रीवर त्याने घर्षणाचा अभ्यास केला. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठभागांच्या संपर्कक्षेत्रावर अवलंबून नसते, हे दोन नियम त्याने मांडले. केंब्रिज विद्यापीठातील प्रा. इयान हचिंग्ज यांनी २०१६ मध्ये या नियमांचा पहिला उल्लेख १४९३ मधील एका पानावर असल्याचे दाखवून दिले. हेच नियम फ्रान्सच्या गियोम आमोंतों यांनी १६९९ मध्ये स्वतंत्रपणे शोधले आणि श्रेय त्यांच्याकडे गेले.

तारेची ताकद मोजण्याचा प्रयोगही असाच लक्षणीय आहे. तारेला टोपली टांगायची, तिच्यात बारीक छिद्रातून वाळू सोडायची आणि तार तुटताच छिद्र आपोआप बंद व्हावे अशी योजना करायची. टोपलीतील वाळूचे वजन म्हणजे तारेची भारक्षमता.

निरंतर गतीचा भ्रम

एकदा फिरवले की अखंड फिरत राहणाऱ्या चक्राची कल्पना जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘सिद्धान्तशिरोमणी’तही पाऱ्याने भरलेल्या आऱ्यांच्या चक्राचे वर्णन आढळते. लिओनार्दोने अशी अनेक चक्रे रेखाटली व ती चालणे अशक्य असल्याचा निर्वाळा दिला. एका बाजूची वजने आसापासून दूर गेली, तरी दुसऱ्या बाजूला वजनांची संख्या वाढते आणि समतोल साधला जातो, हे त्याने ओळखले होते.

पडणाऱ्या वस्तूचा वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, हेही त्याने नोंदवले. मात्र अंतराचे गणित त्याला अचूक साधले नाही. ‘कोडेक्स अरुंडेल’मधील आकृत्यांवर अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या मोरी घरीब व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले. आडव्या दिशेने वाढत्या वेगाने सरकणाऱ्या सुरईतून पडणाऱ्या कणांच्या साहाय्याने लिओनार्दो गुरुत्वीय त्वरणाचा वेध घेत होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

विखुरलेला वारसा

लिओनार्दोने यांतील काहीही छापले नाही. मृत्यूनंतर वह्या त्याचा शिष्य फ्रांचेस्को मेल्झी याच्याकडे गेल्या. मेल्झीच्या निधनानंतर मात्र त्यांची पांगापांग झाली. शिल्पकार पोंपेओ लेओनी याने अनेक पाने कापून नव्याने चिकटवली. त्यातून मिलानमधील १,११९ पानांचा ‘कोडेक्स अटलांटिकस’ तयार झाला. दंतचक्रे, स्क्रू, स्प्रिंग आणि बेअरिंग यांच्या आकृत्यांनी भरलेली माद्रिदची वही तर राष्ट्रीय ग्रंथालयातच चुकीच्या नोंदीमुळे हरवली होती; ती १९६० च्या दशकात सापडली. ‘कोडेक्स लेस्टर’ बिल गेट्स यांनी १९९४ मध्ये ३ कोटी ८ लाख डॉलरला विकत घेतला.

या टिपणांकडे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने जोवान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी १७९७ मध्ये जगाचे लक्ष वेधले. तोवर गॅलिलिओ आणि न्यूटन यांचे कार्य सर्वमान्य झाले होते. लिओनार्दोचे संशोधन त्यामुळे विज्ञानाच्या प्रवाहाला दिशा देऊ शकले नाही. ज्ञान मिळवण्याइतकेच ते इतरांपर्यंत पोहोचवणेही महत्त्वाचे असते, हेच या वह्यांचा इतिहास सांगतो.