अंगराग की औषध? मुरुमांच्या ट्यूबची गोष्ट



गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या घरी नेहमीप्रमाणे नियमांची वही निघाली. सासूबाई दरवर्षी या दहा दिवसांसाठी भोगोपभोगाचं परिमाण करतात. जेवणात किती पदार्थ, किती साड्या, स्नान किती वेळा, फुलं, वाहन, अंगराग. त्या सांगतात आणि मी लिहिते. या वेळी माझी एकोणीस वर्षांची लेकही शेजारी येऊन बसली. 'अंगराग : त्याग' असं मी लिहिलं आणि तिने विचारलं, "आज्जी, माझी पिंपल्सची ट्यूब यात धरायची का?"

सासूबाई म्हणाल्या, "औषधाला सूट असते, शृंगाराला नसते. तुझी ट्यूब कशात बसते ते तूच सांग बाळा."

लेक गप्प झाली. खरं सांगायचं तर मीही गप्प झाले, कारण तीन वर्षांपूर्वी नेमक्या याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर आम्ही दिलं होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं होतं. ते पुढे सांगते. पण त्या रात्रीपासून हा प्रश्न डोक्यात राहिला. शोधत गेले तेव्हा कळलं की तो आमच्या मरोळच्या दोन खोल्यांतला नाही. त्यावर वैद्यांनी लिहिलंय, आचार्यांनी लिहिलंय, आणि सरकारने तर कोर्टात पंचवीसहून जास्त वर्षं घालवली आहेत.

आचार्यांपासून सुरू करते. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात श्रावकाने ज्या गोष्टींवर मर्यादा घालायची त्यांची यादी आहे. भोजन, वाहन, शय्या, स्नान, मग अंगराग, फुलं, तांबूल, वस्त्र, दागिने, असं करत गाण्यापर्यंत. मर्यादा आजच्यापुरती असेल, रात्रीपुरती, पंधरवड्याची, महिन्याची किंवा ऋतूची, कशीही. मला यातली एक गोष्ट फार आवडते. अंगराग वाईट आहे असं इथे म्हटलेलं नाही. तो मोजा, एवढंच म्हटलंय.

वैद्यांकडे पाहिलं तर सुश्रुतसंहितेत मुरूम सरळ रोगांच्या यादीत आहेत. 'क्षुद्ररोग' म्हणजे लहानसहान रोगांत त्यांची गणना आहे, आणि तरुणांच्या तोंडावर सावरीच्या काट्यांसारखे येणारे फोड असं त्यांचं वर्णन. सावरीचं खोड ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजवायला नको. कारण कफ, वात आणि रक्त. उपाय म्हणजे वमन आणि लेप. एका लेपात वेखंड, लोध्र, सैंधव आणि मोहरी, दुसऱ्यात धने, वेखंड, लोध्र आणि कोष्ठ.

हे वाचलं आणि मी थांबलेच. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझी आज्जी सहाणेवर धने आणि वेखंड उगाळून माझ्या कपाळाला लावायची. आज्जीला अक्षरओळख नव्हती. सुश्रुताचं नावही तिने ऐकलं असेल की नाही कोण जाणे. पण लेप तोच. आणि लावताना ती कधीही "गोरी होशील" म्हणायची नाही. "ठणका कमी होईल" म्हणायची. तिच्या हिशेबात ते औषधच होतं.

माझ्या लहानपणी या हिशेबात गडबड सुरू झालेली होती. शोधता शोधता 1975 हे साल माझ्यासमोर तीनदा आलं.

त्या साली विको टर्मरिक क्रीम बाजारात आलं. केशव विष्णू पेंढरकर नागपूरहून मुंबईत आलेले. 1952 साली परळला त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातून दंतमंजनाने सुरुवात केली. हळदीचा अर्क आणि चंदनाचं तेल घातलेलं हे क्रीम पुढे त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांच्या काळात आलं. त्याची जाहिरात आठवते ना? लग्नघर, हळद, नवरी. आणि हे सौंदर्यप्रसाधन नाहीच असं ते गाणंच सांगायचं! लहानपणी मला वाटायचं, क्रीम असून असं का म्हणतात? आता कळलं. आयुर्वेदिक औषधावर अबकारी कर कमी होता, सौंदर्यप्रसाधनावर जास्त. 1978 च्या सुमारास खात्याने म्हटलं, हे क्रीमच आहे, कर भरा. कंपनीचं म्हणणं, हे औषध आहे, घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांतले आहेत, परवानाही औषधाचाच आहे. वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल शेवटी कंपनीच्या बाजूने लागला. म्हणजे सासूबाईंनी लेकीला विचारलेला प्रश्न देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायाधीशांपुढेही गेला होता.

त्याच 1975 मध्ये हिंदुस्तान लिव्हरने फेअर अँड लव्हली आणलं. आज त्या कंपनीचं मुख्यालय आपल्या शेजारीच, चकाल्यात आहे. क्रीमच्या नावातला 'फेअर' 2020 साली गेला. तोपर्यंत पंचेचाळीस वर्षांत आपल्या घराघरांत एक समीकरण बसून गेलं होतं, की चेहरा बरा होणं म्हणजे चेहरा उजळणं. माझ्याच बाबतीत पाहा. बघण्याच्या कार्यक्रमाच्या आधी आई माझ्यासाठी ट्यूब घेऊन आली, ती कपाळावरच्या पुटकुळ्यांसाठी होती की रंगासाठी, हे आम्ही दोघींनीही कधी बोलून दाखवलं नाही. आज्जीचं वेखंड तोवर फडताळात मागे गेलं होतं.

तिसरी गोष्ट अमेरिकेतली. त्याच साली अल्बर्ट क्लिगमन या त्वचातज्ज्ञाने विलिस या सहकाऱ्याबरोबर त्वचेचा रंग उतरवणारं एक मिश्रण प्रसिद्ध केलं. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड होतं. वांगाच्या डागांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक दिवस वापरायचं ते औषध होतं. मुरुमांवर आज दिलं जाणारं ट्रेटिनॉइन वापरात आणण्यातही याच माणसाचा मोठा वाटा. पण त्याच्या प्रयोगशाळेबद्दल वाचलं तेव्हा माझा घास घशात अडकला. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या अंगावर 1951 ते 1974 पर्यंत त्वचेचे प्रयोग झाले. त्यातले बहुतेक कैदी कृष्णवर्णीय होते. 2022 साली त्या शहराने जाहीर माफी मागितली. क्रीममध्ये मेण आहे का, प्राण्याची चरबी आहे का, हे आपण उलटून पाहतो. पाहावंच. पण हिंसा डबीवर छापलेल्या घटकांच्या यादीत मावतेच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आता आमची चूक सांगते.

लेक तेव्हा सोळाची. गाल आणि हनुवटी मुरुमांनी भरलेली. दीराच्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. एका पार्लरमधल्या बाईंनी एका ट्यूबचं नाव सांगितलं आणि औषधाच्या एका दुकानातून ती चिठ्ठीशिवाय मिळाली. चार दिवसांत लाली गेली, चेहरा गुळगुळीत आणि उजळ दिसू लागला. लग्नात सगळ्यांनी विचारलं, काय लावलंस गं? मी कौतुकाने नाव सांगत फिरले. ते आठवलं की अजून लाज वाटते.

ट्यूबमध्ये क्लिगमनच्या त्रिकुटाचाच एक भाऊबंद होता, फक्त स्टेरॉइड जास्त तीव्र. स्टेरॉइड सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून फोड बसलेले आणि रंग उजळलेला दिसतो. पण महिनोन्महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, बारीक लाल रेषा दिसू लागतात, लव वाढते आणि मुरूम आधीपेक्षा जास्त येतात. लावणं थांबवलं की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो. मग मुलगी घाबरून पुन्हा लावते. लेकीने पाच महिने लावलं. उन्हात मरोळ नाक्यापर्यंत चालत गेली तरी ओढणीने तोंड झाकायची. कॉलेजचे फोटो तिने काढूच दिले नाहीत.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब पाहिली आणि रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आई, हे औषध होतं. तुम्ही क्रीम म्हणून लावलंत." सासूबाईंची कसोटी त्यांनी उलट्या बाजूने सांगितली म्हणा ना.

आम्ही एकट्याच फसलो नव्हतो. देशातल्या 12 केंद्रांवरच्या त्वचातज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांची पाहणी केली होती, ती 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यात 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलेलं, आणि सर्वांत जास्त दिसलेला दुष्परिणाम कोणता, तर मुरूमच! 2018 साली सरकारने अशी 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. आम्हाला ती त्यानंतर मिळाली. तेव्हा नियमावर विसंबू नका. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलीच्या चेहऱ्याला लावू नका. आधीच लावत असाल तर डॉक्टरांना दाखवून सोडा. एकदम बंद केलं की त्रास वाढतो.

लेकीला बरं व्हायला आठ-नऊ महिने लागले. त्या काळात खाण्याकडेही पाहिलं. इथे मला थोडं मरोळचं बोलायचंय. आपल्या मरोशी रस्त्याला लागूनच आरे कॉलनी. 1949 साली दारा खुरोडींनी मुंबईतल्या गोठ्यांतल्या म्हशी तिकडे नेऊन ती वसवली. दुधाची बाटली दारात येणं म्हणजे घर सुखवस्तू आणि मुलं धडधाकट, ही समजूत त्या पिढीची, आणि ती चूक नव्हती. पण 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या 47,355 परिचारिकांना त्यांचं शाळकरी वयातलं खाणं विचारलं होतं, तेव्हा जास्त दूध पिणाऱ्यांत तीव्र मुरुमांचं प्रमाण थोडं जास्त आढळलं, साय काढलेल्या दुधात सर्वांत ठळक. आठवणीवरची पाहणी आहे, तिने काही सिद्ध होत नाही. साखर-मैद्याबद्दल पुरावा जरा बरा आहे. ऑस्ट्रेलियात 43 तरुण मुलांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जेवणात साखर झटकन वाढवणारे पदार्थ कमी होते, त्यांचे मुरूम जास्त कमी झाले.

मी मनात म्हटलं, आपल्याकडे तर रसत्याग आहेच! सासूबाई मंगळवारी गोड सोडतात, गुरुवारी दूध, शनिवारी तेल. पण एका वाराने चेहरा सुधारत नाही, आणि तोंडासाठी व्रत धरणं मला पटतही नाही. व्रत व्रतासाठी असावं. गंमत वेगळीच निघाली. लेक रात्री जेवत नाही. कॉलेजहून यायला साडेसात वाजतात, म्हणून सूर्यास्ताआधी ट्रेनमध्येच क्रीमची बिस्किटं आणि सुगंधी दुधाची बाटली. रोज! नियम काटेकोर पाळला जात होता आणि पोटात मैदा-साखर जात होती. आता डब्याचा दुसरा कप्पा असतो. मुगाचं धिरडं, भाजलेले हरभरे, ज्वारीची भाकरी आणि चटणी. चहातली साखर निम्मी. दूध आम्ही बंद केलं नाही, फक्त बाटली गेली.

बाकी रोजचं फार थोडं आहे. सकाळ-संध्याकाळ सौम्य साबणाने तोंड धुणं, घासणं नाही. डॉक्टरांनी दिलेलं जेल रात्री वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्यावर पातळ. फरक दिसायला आठ-बारा आठवडे लागतात, तेवढा धीर धरायचा. दिवसा सनस्क्रीन. डोक्याचं तेल कपाळावर ओघळू द्यायचं नाही, रात्रभर तर नकोच. आपल्या वेण्या-तेलाच्या घरांत कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं हे मोठं कारण, आणि आज्जीचं इथे चुकायचं. फोड फोडायचे नाहीत. लिंबू आणि टूथपेस्ट तोंडाला लावायची नाही. मध आपण लावत नाहीच, कोरफडही अनंतकायात येते म्हणून आमच्याकडे नाही, आणि दोन्हीवाचून काही अडलं नाही. वेखंडाचा लेप मात्र डॉक्टरीणबाईंनी नको सांगितला, पातळ झालेल्या त्वचेला तो झोंबतो. मला जरा वाईट वाटलं. तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्यांचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, तेव्हा आधी विचारून घ्या. गरोदरपणात तर ते औषध बाळासाठी फार घातक आहे, नव्याने लग्न झालेल्या मुलींनी हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तर त्या संध्याकाळची वही. लेकीने शेवटी माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. जेल : औषध, सूट. सनस्क्रीन : औषध, सूट. मग थोडा वेळ पेन तसंच धरून बसली आणि पर्समधली ओठांची लाली काढून वहीवर ठेवली. त्यापुढे लिहिलं, 'अंगराग. दहा दिवस त्याग.'

सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाल्या, "आणि अकराव्या दिवशी?"

"अकराव्या दिवशी लावणार," लेक म्हणाली.

"लाव की," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढची ओळ सांगायला लागल्या.