दोन वह्या, एक नाव

शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असते आणि वर्गशिक्षकांकडे हजेरीपट असतो. एकाच मुलाचे नाव दोन्हीकडे असते. नावातली चूक दुरुस्त झाली, तुकडी बदलली किंवा दाखला काढून मूल दुसऱ्या गावी गेले, तर बदल दोन्हीकडे व्हायला हवा. एकीकडे झाला आणि दुसरीकडे राहिला की गोंधळ ठरलेलाच.

संगणकाच्या जगात हाच प्रश्न आज मोठ्या प्रमाणावर उभा आहे. संस्थेच्या इमारतीतल्या संगणकावर कर्मचाऱ्यांच्या खात्यांची एक वही असते. टपाल, दस्तऐवज वगैरे सेवा मात्र 'क्लाउड'मध्ये, म्हणजे दूरच्या कंपनीच्या संगणकांवर गेलेल्या असतात आणि तिथे दुसरी वही असते. या दोहोंचा मेळ कसा राखायचा? उत्तर समजायला साठ वर्षे मागे जावे लागेल.

पहिली वही

१९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीटीएसएस' ही प्रणाली चालवून दाखवली. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा, अशी ही योजना. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला नाव आणि परवलीचा शब्द देण्यात आला. हे सगळे शब्द जसेच्या तसे एका फाइलीत लिहिलेले असत.

वही उघडी असली की ती कोणीतरी वाचतोच. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास अपुरे पडू लागले. छिद्रे पाडलेले कार्ड देऊन कोणतीही फाइल छापून मागता येते, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने परवलीच्या शब्दांची यादीच छापून घेतली. ही गोष्ट त्याने सुमारे पाव शतकानंतर उघड केली. त्याच दशकाच्या मध्यात आणखी एक प्रसंग घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करीत होते, त्यांची अदलाबदल झाली आणि संगणक सुरू करणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द दिसू लागले!

पिठाची ज्वारी होत नाही

उपाय निघाला तो केंब्रिज विद्यापीठात. रॉजर नीडहॅम यांनी सुचवले की मूळ शब्द साठवूच नये. ज्वारी दळली की पीठ होते, पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही. तसेच गणिती 'दळण' करून निघालेले पीठ तेवढे साठवावे. माणसाने शब्द दिला की तो पुन्हा दळायचा आणि पीठ जुळते का, ते पाहायचे. वही चोरीला गेली तरी शब्द हाती लागत नाही.

मात्र चोर हुशार असतो. तो शब्दकोशातले सगळे शब्द दळून पाहू शकतो. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याची तपासणी आहे. लोकांनी निवडलेल्या ३२८९ परवलीच्या शब्दांपैकी २८३१ शब्द, म्हणजे ८६ टक्के, सहज शोधता येण्याजोगे निघाले. त्यांनी दोन उपाय सांगितले. एक, दळण मुद्दाम संथ करावे, म्हणजे चोराला लाखो शब्द दळायला फार वेळ लागेल. दुसरा, प्रत्येकाच्या शब्दात दळण्यापूर्वी एक वेगळी यादृच्छिक भर टाकावी. या भरीला 'सॉल्ट', म्हणजे मीठच म्हणतात. त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे येते आणि चोराला प्रत्येकासाठी स्वतंत्र दळण घालावे लागते.

सगळ्या संस्थेची एक वही

पुढे संगणक लहान आणि संख्येने पुष्कळ झाले. प्रत्येक यंत्रावर वेगळी वही ठेवली तर एकाच माणसाची दहा खाती होणार. १९८३ साली एमआयटीत 'अथीना' प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून 'कर्बरॉस' ही पद्धत निघाली. नाव ग्रीक पुराणातल्या तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे. यात एक विश्वासू संगणक तुमची ओळख पटवून थोड्या मुदतीचे तिकीट देतो. ते दाखवून इतर यंत्रांवर प्रवेश मिळतो आणि परवलीचा शब्द तारेवरून जातच नाही.

दुसरा धागा दूरध्वनीच्या जगातला. १९८८ साली 'एक्स.५००' हे आंतरराष्ट्रीय मानक मंजूर झाले. टेलिफोन डिरेक्टरीसारखी, पण शाखा-उपशाखांनी साऱ्या जगाला व्यापणारी निर्देशिका ही त्यामागची कल्पना. छोट्या संगणकांना ते ओझे पेलेना, म्हणून मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली 'एलडॅप' ही हलकी पद्धत मांडली. दोन्ही धागे एकत्र विणून मायक्रोसॉफ्टने २००० साली विंडोज २००० बरोबर 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी' आणली. असंख्य कार्यालयांत तीच खात्यांची मुख्य वही झाली.

पुन्हा दोन वह्या

२०११ साली त्याच कंपनीने 'ऑफिस ३६५' ही क्लाउड सेवा सुरू केली आणि दुसरी वही आली. २०२३ पासून तिचे नाव 'एन्ट्रा आयडी' आहे. दोन्हींचा मेळ घालण्यासाठी संस्थेतल्या संगणकावर एक मध्यस्थ कार्यक्रम चालतो. त्याला तीन प्रश्न सोडवावे लागतात.

पहिला, तोच माणूस ओळखायचा कसा? नाव लग्नानंतर बदलते, ई-मेलचा पत्ताही बदलतो. म्हणून प्रत्येक खात्याला न बदलणारा क्रमांक जोडतात. आपला जनरल रजिस्टर नंबर नेमका याच कामासाठी असतो. हा दुवा तुटला, तर क्लाउडला तोच माणूस नवा वाटतो आणि त्याची जुनी टपालपेटी पोरकी होते.

दुसरा, खरी वही कोणती? दोन्हीकडे वेगवेगळे बदल झाले तर कोणाचे मानायचे? येथे नियम साधा आहे. इमारतीतली वही मूळ, क्लाउडमधली तिची प्रत. बहुतेक दुरुस्त्या मुळातच कराव्या लागतात.

तिसरा, किती वेळाने? नेहमीचा फेरा दर तीस मिनिटांनी होतो आणि परवलीच्या शब्दातला बदल सुमारे दोन मिनिटांत पोचतो. म्हणजे नोकरीवरून काढलेल्या माणसाचे खाते इमारतीत बंद केले, तरी क्लाउडमधले काही मिनिटे उघडे राहू शकते. उलट धोकाही आहे. मूळ वहीत एखादा विभाग चुकून पुसला गेला, तर प्रतीतूनही तो इमानाने पुसला जाईल. म्हणून एका फेरीत पाचशेहून अधिक खाती पुसायची वेळ आली की कार्यक्रम थांबतो, आणि पुसलेले खाते तीस दिवस परत आणता येते.

परवलीच्या शब्दाचे काय? ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या पिठात मीठ नसते. ते तसेच पाठवणे धोक्याचे. म्हणून मध्यस्थ त्यात प्रत्येक खात्यासाठी वेगळे मीठ घालून ते आणखी हजार वेळा दळतो आणि ते दुहेरी पीठ सांकेतिक मार्गाने पाठवतो. १९७९ चे दोन्ही उपाय येथे पुन्हा कामी आले.

विश्वासाची साखळी

तरीही एक प्रश्न उरतो. प्रत मुळावर विश्वास ठेवते, पण मूळच चोराच्या ताब्यात गेले तर? डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या 'सोलरविंड्स' प्रकरणात हेच दिसले. काही संस्थांच्या इमारतीतली, ओळखपत्रावर सही करण्याची किल्ली हल्लेखोरांनी मिळवली. ती वापरून त्यांनी खोटी ओळखपत्रे बनवली आणि क्लाउडने ती खरी मानली. या पद्धतीत परवलीचे शब्द पाठवण्याऐवजी इमारतीतला संगणकच ओळखीची हमी देत असे. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सल्ला दिला, की क्लाउडच्या मुख्य व्यवस्थापकांची खाती इमारतीतल्या वहीतून आणू नयेत. ती स्वतंत्रच ठेवावीत. सगळे जोडण्याच्या प्रवासातले हे एक मुद्दाम ठेवलेले अंतर!

वर्गात हे करून पाहता येईल. वीस नावांची यादी दोन गटांना द्या. आठवडाभर दोन्ही गटांनी आपापल्या यादीत बदल करावेत, पण एकमेकांना सांगू नयेत. शनिवारी दोन्ही याद्या एक करायला सांगा. वाद कोठे होतात, ते फळ्यावर लिहा. वरचे तीन प्रश्न मुले स्वतःच विचारतील.