वायरचं दुसरं टोक

आयसीयूतल्या मॉनिटरबद्दल कुणीही बोलायला लागलं की पडद्यापासून सुरुवात करतं. धावणारी हिरवी रेघ, ऑक्सिजनचा आकडा, टिक् टिक् आवाज. माझी उमेदीची वर्षं पुण्यातल्या रुग्णालयांच्या बायोमेडिकल विभागात, म्हणजे पडद्याच्या पाठीमागे गेली. तिथं खाचा असतात, पिना असतात, धूळ असते आणि कुणीतरी चिकटपट्टीने बांधलेली केबल असते. या यंत्रांचा इतिहास मला तिथंच वाचायला मिळाला. कशाला काय जोडता येईल आणि काय मुळीच जोडता येणार नाही, हे आपोआप ठरत नाही. कुणीतरी ते ठरवलेलं असतं, कधी पेशंटचा विचार करून, तर कधी गल्ल्याचा.

या यंत्राला लांबची जोडणी मिळाली ती अगदी बाळपणातच. नेदरलँड्समधल्या लायडन गावी विलेम आइंटहोव्हन यांनी हृदयाची वीज मोजायला तंतूचा गॅल्व्हानोमीटर केला. तंतू क्वार्ट्झचा. वितळलेलं क्वार्ट्झ बाणाला लावायचं आणि बाण सोडायचा, की मागे केसापेक्षा कितीतरी बारीक धागा ओढला जाई. त्यावर चांदीचा मुलामा देऊन तो एका दांडग्या विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणलेला. चुंबक इतका तापायचा की त्यातून पाणी खेळवावं लागे. सगळ्या सरंजामाचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात, आणि चालवायला पाच माणसं. असलं धूड पेशंटच्या खाटेपाशी नेणार कोण? रुग्णालय प्रयोगशाळेपासून दीड किलोमीटरवर होतं. 1905 साली आइंटहोव्हननी मधे टेलिफोनची तार टाकली. पेशंट रुग्णालयात, दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसलेला, आणि त्याच्या हृदयाची रेघ उमटतेय दीड किलोमीटरवर. त्यांनी तिला टेलिकार्डिओग्राम म्हटलं. टेलिमेडिसिनच्या परिषदेत व्यासपीठावरून ‘नवं युग’ वगैरे सुरू झालं की मला ती भांडी आठवतात.

मधली वर्षं भराभर ओलांडतो. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात नॉर्मन होल्टर यांनी 1940च्या दशकाच्या शेवटी साधारण 38 किलोचा रेडिओ-ईसीजी पाठुंगळी बांधून सायकल मारली. आज आपण ‘होल्टर लावला’ म्हणतो तो याच होल्टरांचा. 1961-62च्या सुमारास हृदयविकाराच्या पेशंटना एका जागी ठेवून सतत नजरेखाली ठेवायचा विचार डेस्मंड ज्युलियन यांनी ब्रिटनमध्ये मांडला आणि ह्यूज डे यांनी कॅन्सस सिटीत अमलात आणला. तिथून खाटेशेजारचा मॉनिटर कायमचा मुक्कामाला आला.

हे सुरुवातीचे मॉनिटर म्हणजे एकसंध पेट्या. ईसीजी, दाब, तापमान, सगळं एकाच चासिसमध्ये. एक सर्किट गेलं की अख्खी पेटी वर्कशॉपमध्ये आणि खाट उघडी. सिस्टर फोनवर फोन करणार, आम्ही पेटी उघडून बसणार.

यावरचा तोडगा दुसऱ्या एका धंद्यात कधीच सापडला होता. टेक्ट्रॉनिक्सच्या ऑसिलोस्कोपमध्ये 1950च्या दशकातच पुढून सरकवायचे प्लग-इन होते. 1964 साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पुढाकाराने अणुभौतिकीच्या प्रयोगशाळांनी निम नावाचं प्रमाण ठरवलं. मॉड्यूलची रुंदी 1.35 इंच, एका बिनमध्ये, म्हणजे मॉड्यूल सरकवायच्या चौकटीत, अशी 12, मागचा कनेक्टर ठरलेला, त्यावरचे व्होल्टेज ठरलेले. कुणीही बनवलेलं मॉड्यूल कुणाच्याही बिनमध्ये बसावं, एवढीच अट. मला सोल्डरिंगला हात धरून बसवणारे आमचे सर तुर्भ्याहून, भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त होऊन आले होते. त्यांची सगळी नोकरी निमच्या बिनांबरोबर झालेली. रुग्णालयातला मॉड्यूलवाला मॉनिटर पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी विचारलं, “यात दुसऱ्या कंपनीचं काय काय बसतं?” कंपनीचा इंजिनिअर त्यांच्याकडे बघतच राहिला.

कारण काहीच बसत नव्हतं. ह्यूलेट-पॅकार्डने जर्मनीतल्या बोब्लिंगेनला आपली ‘कम्पोनंट मॉनिटरिंग सिस्टीम’ तयार केली ती 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि यंत्र म्हणून ती मला आजही आवडते. तळहाताएवढी मॉड्यूल्स, एक ईसीजीचं, एक दाबाचं, एक तापमानाचं, रॅकमध्ये सरकवली की खट्‌कन बसत. मॉनिटर बंद करायची गरज नाही. मॉड्यूल आत गेलं की पडद्यावर त्याची जागा आपोआप उघडायची. तीन नंबरच्या खाटेला दाबाचं मॉड्यूल नको असेल तर सिस्टर ते काढून सात नंबरला लावत. आम्हाला बोलवायचीही गरज नसे. खर्चाची बाजू मात्र आत दडलेली होती. पेशंटला लागणारी प्रत्येक तार मेन्सच्या विजेपासून तोडून ठेवावी लागते, नाहीतर गळतीचा करंट थेट छातीत जाईल. पेटी एकच असेल तर हे कुंपण एकदा घालून भागतं. मॉड्यूल केलं की प्रत्येकाला आपापलं कुंपण हवं. सोय मिळाली ती या किमतीला, आणि ती किंमत रास्त होती असं मी म्हणेन. पण रॅक ज्याचा, मॉड्यूलही त्याचंच. भौतिकीवाल्यांनी जी खाच सगळ्यांना मोकळी ठेवली, तिला आमच्या धंद्यात प्रत्येकाने आपलं कुलूप लावलं.

याचा सगळ्यात मासलेवाईक नमुना म्हणजे ऑक्सिमीटरचा प्रोब. त्याचं मूळ तत्त्व जपानच्या निहोन कोहदेनमधल्या ताकुओ आओयागी यांचं, 1970च्या दशकाच्या पूर्वार्धातलं. ते दुसरंच काही मोजत होते आणि नाडीच्या ठोक्यांनी सिग्नल हलत होता म्हणून वैतागले होते. तो थरथराट घालवायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की धमनीतल्या रक्ताची खबर त्या थरथरीतच आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत नेलकॉरने त्याचं भूलतज्ज्ञांना सोयीचं यंत्र केलं, ऑक्सिजन उतरला की बीपचा सूरही उतरणारं. आता प्रोबचा प्लग बघा. नऊ पिनांचा, जुन्या कॉम्प्युटरच्या मागे असायचा तोच. पासोड्या विठोबापाशी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो चिल्लरच्या भावात मिळे. पण नेलकॉरच्या प्रोबमध्ये एक बारीकसा रेझिस्टर असायचा. लाल एलईडीची तरंगलांबी नगागणिक थोडी बदलते, आणि या एलईडीची नेमकी किती हे त्या रेझिस्टरच्या किमतीवरून मॉनिटरला कळायचं. कल्पना झकास. मात्र तोच नऊ पिनांचा प्लग दुसऱ्या कंपन्यांनीही घेतला आणि पिनांची मांडणी आपापली ठेवली. प्रोब बसायचा अगदी चपखल, पडद्यावर येणार ‘प्रोब ऑफ’. ते तरी बरं. काही जोड्यांत आकडा उमटायचा आणि तो चुकीचा असायचा.

चपखल बसण्यातला खरा धोका 1986 साली सिएटलच्या एका रुग्णालयात दिसला. तेव्हा ईसीजीच्या लीडना मागच्या टोकाला उघड्या धातूच्या पिना असत. पॉवर कॉर्डचं एक टोक भिंतीत लावलेलं असावं, दुसरं यंत्रातून निघून मोकळं पडलेलं असावं, तर त्या टोकाच्या भोकांत लीडच्या पिना जात. चार वर्षांच्या एका मुलीच्या छातीवरच्या लीड तशा गेल्या. ती मुलगी दगावली. 1993 साली शिकागोमध्ये बारा दिवसांच्या बाळाच्या बाबतीत पुन्हा तेच झालं. नर्सना ताकीद देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. रात्रपाळीत, अंधाऱ्या खाटेपाशी, हात भोक शोधतो आणि पिन घालतो. अमेरिकेच्या एफडीएने 1997 साली नियम केला आणि पिना प्लास्टिकच्या आवरणात गेल्या. आपल्याकडे जुन्या उघड्या पिनांच्या लीड त्यानंतरही फिरत राहिल्या. माझ्या हाती लागतील तेवढ्या मी कटरने तोडल्या आणि स्टोअरकीपरची बोलणी खाल्ली.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलावं हा प्रयत्न त्या मानाने कूर्मगतीने चालला. सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयात रीड गार्डनर आणि त्यांचे सहकारी खाटेशेजारची यंत्रं रुग्णालयाच्या कॉम्प्युटरला जोडू पाहत होते, आणि दर यंत्राची भाषा निराळी. त्यातून ‘मेडिकल इन्फर्मेशन बस’ची कल्पना आली आणि 1984 साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची 1073 क्रमांकाची समिती बसली. आता ते प्रमाण 11073 म्हणून ओळखलं जातं. त्यात प्रत्येक मापाला एक सांकेतिक क्रमांक आहे. ऑक्सिमीटरने मोजलेल्या ऑक्सिजनचा 150456. कंपनी कुठलीही असो, या आकड्याचा अर्थ एकच. दहाएक वर्षं वाद घालून माणसं अशा याद्या करतात. त्यांना कुणी पुरस्कार देत नाही. माझ्या लेखी ते आइंटहोव्हनच्या पंगतीतले.

हे कशासाठी, ते बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ ज्युलियन गोल्डमन एका घडलेल्या प्रकारावरून समजावत. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत एक्स-रेसाठी व्हेंटिलेटर क्षणभर थांबवला. टेबलाखालची प्लेट अडकली, भूलतज्ज्ञ मदतीला गेले आणि व्हेंटिलेटर पुन्हा चालू करायचा राहून गेला. पेशंट वाचला नाही. एक्स-रेचं मशीन आणि व्हेंटिलेटर एकमेकांशी बोलत असते, तर श्वासांच्या मधल्या फटीत फोटो निघाला असता आणि काही थांबवावंच लागलं नसतं. गोल्डमन यांनी 2004 साली सुरू केलेला उपक्रम याच मागणीवर उभा राहिला.

आता मी नोकरीत नाही. पण ओळखीच्या रुग्णालयांच्या निविदांचे मसुदे वाचायला घरी येतात. हल्लीच्या प्रत्येक मॉनिटरच्या पाठीवर नेटवर्कचं पोर्ट असतं आणि माहितीपत्रकात ‘कनेक्टिव्हिटी रेडी’ असं ठसठशीत छापलेलं असतं. बसवून झाल्यावर कळतं की पोर्टातून आकडे बाहेर यायला लायसन्स लागतं, तेही दर खाटेमागे निराळं. म्हणून मसुद्यात मी माझ्या हाताने एक ओळ घालतो: पोर्ट उघडायचे पैसे आजच्या दरपत्रकात दाखवा. विक्रेत्यांच्या बैठकीत सगळ्यात जास्त कुरकुर त्याच ओळीवर होते, असं मला कळवतात.