निर्मळची वाट : रस्त्याचा मान व गावांची एकजूट

श्रीक्षेत्र निर्मळ म्हटले की भाविकांच्या डोळ्यांसमोर उभे राहते ते विमल सरोवर व जगद्गुरू शंकराचार्यांची समाधी. परशुरामांनी विमलासुराचा वध केल्याची पुराणकथा या परिसरात आबालवृद्धांना ठाऊक आहे. देवस्थानाचा महिमा अनेकांनी गायिला. परंतु ज्या वाटेने पिढ्यान् पिढ्या भाविक येथे आले, त्या वाटेचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. जीर्णोद्धाराच्या या मंगलप्रसंगी त्या वाटेचेही स्मरण करणे अगत्याचे आहे.

निर्मळला येणाऱ्या मुख्य वाटा दोन. एक सोपाऱ्याहून उमराळेमार्गे येते. दुसरी वसईहून भुईगाव, वाघोलीवरून निर्मळला येऊन पुढे आगाशी व अर्नाळ्याकडे जाते. या वाटांचे वय मोजू गेल्यास थेट सम्राट अशोकापर्यंत जावे लागते. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. सन १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरुड राजाच्या कोटात बौद्ध स्तूप उकरून काढला व अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही उजेडात आणला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वीही हा प्रदेश रहदारीचा होता, याची ही दगडी साक्ष होय.

सन १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली व या भागातील देवालयांना वाईट दिवस आले. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर सरसुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या काळात निर्मळ क्षेत्रास पुन्हा ऊर्जितावस्था आली आणि ओस पडलेल्या वाटेवर यात्रेकरूंची पावले पुन्हा वाजू लागली. आगगाडी सुरू झाल्यावर तर मुंबईचे भाविकही येऊ लागले. १८६७ साली विरारहून मुंबईला गाडी धावली, तेव्हापासून स्टेशनावर उतरावे आणि बैलगाडीने अथवा पायी निर्मळ गाठावे असा परिपाठ पडला.

कार्तिक वद्य एकादशीस भरणारी यात्रा म्हणजे या वाटेचा खरा सण. राजेळी केळ्यांची सुकेळी, सुकी मासळी, मिठाई व संसारोपयोगी वस्तू यांची दुकाने लागतात. यात्रा शंकराचार्यांची, परंतु बाजारात हिंदू किती व ख्रिस्ती किती याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. येथील सामवेदी ब्राह्मण व सामवेदी ख्रिस्ती यांची घरची बोली एकच, कादोडी. त्यांच्या वाड्या शेजारी शेजारी, त्यांच्या वाड्यांतील बावखळांचे पाणी जमिनीखाली एकच. वाटेवर कोठे देऊळ लागते, कोठे क्रूस लागतो. सावली मात्र झाडाची असते व ती सर्वांची असते.

ही सावली व हे पाणी धोक्यात आले, तेव्हा माणसे एकत्र आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामास खुला होण्याचे संकट उभे राहिले. विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. नांदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली व जातिधर्माचा भेद न मानता लोक रस्त्यावर उतरले. धर्मगुरू असूनही फादरांनी प्रश्न मांडला तो पाण्याचा व झाडांचा, म्हणून तो सर्वांचा झाला. २०२४ साली ते निवर्तले. त्यांनी लावून दिलेली एकजुटीची सवय मात्र येथे मागे राहिली आहे.

आता प्रश्न वाटेचा. आपल्याकडे रस्त्यांचे वर्ग आहेत. १९४३ सालच्या नागपूर योजनेपासून राष्ट्रीय मार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते अशी वर्गवारी चालत आली आहे. ती ठरते कोणती ठिकाणे जोडली जातात व वाहने किती जातात यावरून. तीर्थक्षेत्रास वर्ग मिळतो, पर्यटनस्थळास वर्ग मिळतो. पण त्याकडे नेणाऱ्या सुंदर वाटेस तसा वर्ग नाही. त्यामुळे रुंदीकरणाचा नकाशा होतो तेव्हा कडेचे झाड, विहीर वा बावखळ हे केवळ अडथळे म्हणून मोजले जातात.

अमेरिकेत १९९१ साली याविषयी स्वतंत्र योजना सुरू झाली. तेथे निसर्गरम्य रस्त्यांना राष्ट्रीय मान दिला जातो. त्यासाठी सहा गुण पाहतात : देखावा, निसर्ग, इतिहास, संस्कृती, पुरातत्त्व व विरंगुळा. सहांपैकी एक गुण ठळकपणे असला तरी रस्ता मानास पात्र ठरतो. मात्र त्या वाटेवरच्या लोकांनी एकत्र बसून रस्त्याची जपणूक कशी करणार याचा लेखी आराखडा करावा लागतो. केवळ अर्ज करून भागत नाही.

या मापाने निर्मळची वाट मोजून पाहावी. देखावा केळी-नारळीच्या वाड्यांचा, निसर्ग बावखळांचा, इतिहास वसईच्या मोहिमेचा, संस्कृती यात्रेची व कादोडी बोलीची, पुरातत्त्व सोपाऱ्याचे आणि विरंगुळा कळंब-अर्नाळ्याच्या किनाऱ्याचा. सहाही गुण या टापूत आहेत. उणीव आहे ती लेखी आराखड्याची.

लोकांनी मनावर घेतले तर सरकारी नकाशाही वळतो, हे सांगली जिल्ह्यातील भोसे गावाने दाखविले. रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्गात यल्लम्मा देवळाजवळचा सुमारे चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड जाणार होता. २०२० साली ग्रामस्थ व वृक्षप्रेमींनी आवाज उठविला आणि रस्त्याची आखणी बदलली. परंतु जून २०२२ मध्ये तोच वड पावसात उन्मळून पडला. बोध दुहेरी आहे. एकजुटीने आदेश मिळतो. पण मुळांची निगा आदेशाने होत नाही, ती रोज करावी लागते.

निर्मळच्या वाटेसाठी आज काही साधने हाताशी आहेत. वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली. नागरी भागातील वृक्षांच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचे स्थान मिळाले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती व लोकांची नोंदवही सांगितली आहे. वाटेवरच्या प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील जुनी झाडे, विहिरी, बावखळे, देवळे व क्रूस यांची यादी करावी. देवस्थानाच्या व चर्चच्या मंडळींनी एका बैठकीत त्या याद्या एकत्र कराव्यात व संबंधित कार्यालयात रीतसर दाखल करून पोच घ्यावी. जे नोंदीत नाही ते नकाशात नसते, आणि जे नकाशात नसते ते तोडताना कोणाला विचारावे लागत नाही.

देवालयाचा जीर्णोद्धार दात्यांच्या उदार हातांनी होतो. वाटेच्या जीर्णोद्धारास पैसा थोडा लागतो, मने मात्र पुष्कळ लागतात. कळस दुरून दिसावा व कळसापर्यंतची सावली अखंड राहावी, अशी सद्बुद्धी वाटेवरच्या सर्व गावांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.